हिटलर बहुमताने आला नव्हता, त्याला दार उघडून आत घेतलं गेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धावर लेखमाला सुरू केलीत त्याबद्दल आधी आभार, हल्ली एवढं लांबीचं कोण छापतं. पहिला भाग दोनदा वाचला. भाषा छान, फोटो छान, पण त्यातली तीन विधानं अशी आहेत की गप्प बसवेना. एक, 'जर्मन जनतेने हिटलरला प्रचंड बहुमताने निवडून दिलं'. दुसरं, 'महागाईने पिचलेला जर्मनी हिटलरच्या मागे गेला'. आणि तिसरं, 'म्युनिकमध्ये चेंबरलेनने वेळ विकत घेतला'. ही तिन्ही वाक्यं आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे फिरतात, त्यामुळे लेखकाला एकट्याला दोष देत नाही. पण तिन्ही मिळून असं चित्र होतं की लोक खवळले होते, परिस्थिती भयंकर होती, त्यातून जे व्हायचं ते झालं, कोणाचा काही इलाज नव्हता. इलाज होता हो. ज्यांच्या हातात होता त्यांची नावं, गावं, तारखा सगळं माहिती आहे, आणि तुमच्या पानभर लेखात त्यातलं एकही नाव नाही.

महागाईपासूनच सुरू करतो कारण मी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि हा विषय जरा जवळचा. जर्मनीत ती प्रसिद्ध महागाई झाली १९२३ साली. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, हातगाडीवरून नोटा नेणारी माणसं, तुम्ही छापलेला फोटो त्याच काळातला. हिटलरने म्युनिकच्या बिअर हॉलमधून बंड केलं तेही त्याच महिन्यात, ८ आणि ९ नोव्हेंबरला, आणि ते एका दिवसात फसलं. शिक्षा झाली पाच वर्षांची, सुटला डिसेंबर १९२४ मध्ये, म्हणजे शिक्षा झाल्यावर एक वर्षसुद्धा नीट बसला नाही. (देशद्रोहाच्या आरोपीला कोर्टात तासन् तास भाषण करू देणारे न्यायाधीश हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर खरं तर स्वतंत्र लेख हवा.) बरं मग महागाई संपली, नवा मार्क आला, अमेरिकन कर्ज आलं, गाडी रुळावर आली. आणि मे १९२८ च्या इलेक्शनमध्ये नाझी पार्टीला किती मतं पडली? २.६ टक्के. ४९१ पैकी १२ सीटा. महागाईने हिटलर आला असता तर पाच वर्षांनी त्याची ही अवस्था नसती ना. पहिल्या युद्धानंतरच्या व्हर्साय तहाचा अपमान, त्यातली नुकसानभरपाई, हे सगळं तेव्हाही होतंच की, आणि तरी २.६ टक्के.

मग मधे काय झालं? मधे झालं त्याच्या बरोब्बर उलटं, म्हणजे भाव वाढले नाहीत, कोसळले. १९२९ च्या शेवटी अमेरिकेत मार्केट पडलं, अमेरिकन बँकांनी कर्ज परत मागायला सुरुवात केली, कारखाने बंद पडायला लागले. बर्लिनमध्ये तेव्हा सोशल डेमोक्रॅट हेर्मान म्युलरचं आघाडी सरकार होतं, ते मार्च १९३० मध्ये पडलं, आणि कशावरून पडलं तर बेकारी विम्याचा हप्ता थोडासा वाढवायचा की नाही यावरून. आज वाचताना डोक्याला हात लावावासा वाटतो. त्यानंतर १९३३ पर्यंत जर्मनीत बहुमत असलेलं सरकार आलंच नाही. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने ब्रुनिंगला चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडच्या पंतप्रधानासारखा, केलं आणि हा गृहस्थ घटनेच्या ४८ व्या कलमाखाली वटहुकूम काढून कारभार चालवायला लागला. पार्लमेंटने वटहुकूम नामंजूर केला तर पार्लमेंटच बरखास्त, जुलै १९३० मध्ये हेच केलं त्याने. त्यातून सप्टेंबरमध्ये जे इलेक्शन झालं त्यात नाझी १२ वरून १०७ वर गेले. कोणी मागितलेलं नसताना, मुदतीच्या दोन वर्षं आधी घेतलेलं इलेक्शन होतं ते!

ब्रुनिंगने मंदीत काय केलं तर सरकारी नोकरांचे पगार कापले, बेकारभत्ता कापला, टॅक्स वाढवले, डिसेंबर १९३१ मध्ये तर वटहुकुमाने मजुरी आणि भाव दोन्ही खाली आणले. कर्ज मात्र तेवढंच राहतं ना, ते काही वटहुकुमाने कमी होत नाही. ज्याने शेतावर, दुकानावर कर्ज काढलं होतं त्याचं उत्पन्न निम्म्यावर आलं आणि हप्ता तोच, हे कुठल्याही बँकवाल्याला सांगावं लागत नाही की पुढे काय होतं. जुलै १९३१ मध्ये दानाट बँक बुडाली, सगळ्या बँकांना टाळं लागलं काही दिवस. १९३२ च्या सुरुवातीला नोंद झालेले बेकार साठ लाख. सरकारने पैसा ओतायला हवा होता हे बोलणारे लोक होते तिथेही, पण १९२३ ची धास्ती एवढी बसलेली की नोटा छापायचं नाव काढलं तरी अंगावर काटा. म्हणजे महागाईचा संबंध आहे तो एवढाच, महागाईच्या भीतीने मंदी वाढू दिली. आणि दुसरं म्हणजे ब्रुनिंगला जगाला दाखवायचंही होतं की बघा, आम्ही खरंच नुकसानभरपाई देऊ शकत नाही. त्यात तो यशस्वीसुद्धा झाला, १९३२ च्या जुलैत लोझान परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ माफ झाली. पण तोपर्यंत त्याची स्वतःची खुर्ची गेलेली.

अजून एक गैरसमज, लेखात पण आहे, की बेकार लोकांनी हिटलरला मतं दिली. बेकार कामगारांची जास्त मतं गेली कम्युनिस्टांकडे. हिटलरला सगळ्यात घसघशीत मतं मिळाली ती उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट खेड्यांतून, छोट्या गावातल्या दुकानदार-शेतकऱ्यांकडून, पेन्शनरांकडून, श्लेस्विग-होल्स्टाइनसारख्या भागातून. ज्यांच्याकडे थोडंसं होतं आणि ते जाईल म्हणून झोप उडाली होती अशा लोकांकडून. कॅथलिक भागात सेंटर पार्टीचा मतदार शेवटपर्यंत फारसा हलला नाही, मोठ्या शहरांतल्या कामगार वस्त्यांतही नाझी अडकले. हे सांगतोय अशासाठी की 'जर्मन जनता' असा एक गठ्ठा नव्हताच.

आता बहुमताचं बघू. १९३२ च्या वसंतात हिटलर स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. (पहिल्या फेरीच्या जेमतेम अडीच आठवडे आधी तो जर्मन नागरिक झाला हेही लेखात यायला हवं होतं, ब्राउनश्वाइग राज्यात त्याच्या पार्टीच्या मंत्र्याने त्याला कागदोपत्री सरकारी नोकरी दिली आणि त्या नोकरीवर नागरिकत्व मिळालं, अशी ती भानगड.) दुसऱ्या फेरीत हिंडेनबर्ग ५३ टक्के, हिटलर ३६.८. हरला. मग जुलै १९३२ चं पार्लमेंटचं इलेक्शन, इथे नाझींनी ३७.३ टक्के मतं आणि २३० सीटा घेतल्या, सगळ्यात मोठा पक्ष, पण ६०८ मध्ये २३० म्हणजे बहुमत नव्हे. तुमचा इलेक्शनच्या आकड्यांचा तक्ता इथेच संपतो. आणि माझं सगळं भांडण पुढच्या ओळीशी आहे जी तक्त्यात नाहीच, नोव्हेंबर १९३२. चार महिन्यांत पुन्हा इलेक्शन झालं आणि नाझींची वीस लाख मतं कमी झाली. ३३.१ टक्के, १९६ सीटा. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट मिळून २२१, पण ते एकमेकांचं तोंड बघत नव्हते, स्टालिनच्या आदेशावरून कम्युनिस्ट तर सोशल डेमोक्रॅटांनाच फॅसिस्टांचे भाऊ म्हणत होते, तो कपाळकरंटेपणा वेगळाच. नाझी पार्टीची तिजोरी रिकामी, सतत इलेक्शनं लढून कार्यकर्ते थकलेले, डिसेंबरमध्ये ग्रेगोर स्ट्रासर हा पक्षाचा दोन नंबरचा माणूस पदं सोडून निघून गेला. वर्षअखेरीला जर्मनीतले चांगले चांगले पेपर लिहीत होते की हिटलरची लाट ओसरली. आणि ते चुकीचं लिहीत नव्हते! लाट ओसरत होती. तरी ३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सेलर झाला. मग बहुमताने निवडून कधी आला, कोणत्या तारखेला?

तर ही पुढची आठ आठवड्यांची गोष्ट आहे आणि ती चार-पाच लोकांची आहे. फ्रांझ फॉन पापेन नावाचा एक उमराव, घोड्यांच्या शर्यतीत तरबेज, क्लबात बसणारा, याला ब्रुनिंगनंतर जून १९३२ मध्ये चॅन्सेलर केलं होतं. पार्लमेंटमध्ये याचं स्वतःचं बळ किती तर सप्टेंबरमध्ये अविश्वास ठराव आला तेव्हा विरोधात ५१२ आणि बाजूने ४२. त्या दिवशीचा किस्सा मजेशीर आहे, पापेन बरखास्तीचा हुकूम लाल फोल्डरमध्ये घालून घेऊन आला होता, सभापतीच्या खुर्चीत होता हिटलरचा उजवा हात गोअरिंग, पापेन बोलायला हात वर करतोय आणि गोअरिंग मुद्दाम दुसरीकडे बघत मतदान घेतोय, शेवटी पापेनने तो हुकूम त्याच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. तर असा हा माणूस. याला डिसेंबरमध्ये बाजूला करून जनरल श्लायशर चॅन्सेलर झाला, तोच श्लायशर ज्याने पापेनला आणलं होतं. पापेनला ते झोंबलं. सूड घ्यायचा म्हणून त्याने ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये श्रोडर नावाच्या बँकरच्या घरी हिटलरची भेट घेतली. (बँकर! आमच्याच धंद्यातला निघाला.) त्यानंतर रिबेनट्रॉप (हिटलरचा माणूस, पुढे त्याचा परराष्ट्रमंत्री) याच्या बर्लिनमधल्या घरी बैठका, तिथे राष्ट्राध्यक्षांचा मुलगा ऑस्कर हिंडेनबर्ग आणि त्यांचा सेक्रेटरी माइसनर यांना आणलं गेलं. मधेच लिपे या चिमुकल्या राज्यात इलेक्शन होतं, एक लाखाच्या आसपास मतदार, नाझींनी सगळी ताकद तिथे ओतली आणि ३९.५ टक्के मिळवून बघा आमची हवा परत आली म्हणून डंका पिटला.

हिंडेनबर्ग म्हातारा ८५ वर्षांचा, हिटलरला 'बोहेमियन कॉर्पोरल' म्हणायचा, त्याला चॅन्सेलर करायची अजिबात इच्छा नव्हती. नोव्हेंबरमध्ये त्याने सरळ नाही म्हटलं होतं. त्याला पटवलं पापेनने. युक्तिवाद असा की हिटलर नावाला चॅन्सेलर, मी व्हाइस चॅन्सेलर, मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन, हिटलर, फ्रिक आणि गोअरिंग, बाकी सगळे आपले. पापेन ओळखीच्या एकाला म्हणाला होता की दोन महिन्यांत त्याला असा कोपऱ्यात दाबू की तो चिरकेल. वाड्यातले नको असलेले भाडेकरू हुसकायला मालकाने एखादा पैलवान आणून ठेवावा आणि वर म्हणावं की हा आपल्या शब्दाबाहेर जात नाही, तसला प्रकार. या लोकांना हिटलर आवडत होता असं नाही, त्यांना त्याची गर्दी हवी होती. त्यांच्याकडे मतं नव्हती, हिटलरकडे ३३ टक्के होती. पार्लमेंट, युनियन, सोशल डेमोक्रॅट ही कटकट कायमची संपवायची होती, सैन्य वाढवायचं होतं, पूर्वेकडच्या जमीनदारांना आपल्या जमिनी वाचवायच्या होत्या, आणि हे सगळं स्वतःच्या बळावर करायची हिंमत नव्हती.

३० जानेवारीच्या सकाळीसुद्धा घोळ झाला. पुन्हा इलेक्शन घ्यायचं हिटलरने मंत्रिमंडळावर लादलं, त्यावरून मंत्रिमंडळात भागीदार असलेल्या जर्मन राष्ट्रवादी पक्षाचा पुढारी हुगेनबर्ग अडून बसला, शपथविधीची वेळ टळून गेली, आत म्हातारा वाट बघतोय. हुगेनबर्गने तेव्हा दहा मिनिटं अजून ताणलं असतं तर काय झालं असतं असं मला कायम वाटतं, पण जाऊ दे, राष्ट्राध्यक्षांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे म्हणून तो गप्प बसला. शिष्टाचार!

पुढचं तुमच्या लेखात बऱ्यापैकी आलंय म्हणून भराभर सांगतो, फक्त एक दुवा सुटलाय तो जोडतो. गोअरिंगला पद मिळालं प्रशियाच्या गृहखात्याचं, म्हणजे देशाच्या साठ टक्के भागाचे पोलीस. आता प्रशियात तर कित्येक वर्षं सोशल डेमोक्रॅटांचं सरकार होतं, मग ते पोलीस केंद्राच्या हाताखाली आले कसे? तर पापेननेच जुलै १९३२ मध्ये वटहुकूम काढून ते सरकार घालवलं होतं. स्वतःच्या हाताने किल्ली काढून ठेवली होती, गोअरिंगने ती उचलली फक्त. फेब्रुवारीत त्याने नाझी स्वयंसेवकांनाच सहायक पोलीस केलं. २७ फेब्रुवारीला राइशस्टागला, म्हणजे पार्लमेंटच्या इमारतीला, आग लागली, दुसऱ्या दिवशी हिंडेनबर्गच्या सहीने महत्त्वाचे नागरी हक्क स्थगित. एवढं सगळं करून, विरोधकांना तुरुंगात घालून, सभा उधळून, ५ मार्च १९३३ च्या इलेक्शनमध्ये नाझींना मिळाले किती? ४३.९ टक्के. तेव्हाही बहुमत नाही! हुगेनबर्गच्या पक्षाचे ८ टक्के मिळवून बहुमत झालं. २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा आला, कम्युनिस्टांचे ८१ खासदार आधीच बाहेर, सेंटर पार्टीने आश्वासनांवर विश्वास ठेवून बाजूने मत दिलं, ४४४ विरुद्ध ९४. ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. सभागृहात गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे असताना त्यांचा पुढारी ओटो वेल्स उठून विरोधात बोलला, त्याचं नाव आपल्याकडे कोणाला माहिती नाही, माझ्या मते या सगळ्या कथेत छापण्यासारखा एक फोटो असेल तर तो त्याचा आहे.

एक मान्य करायला हवं. १९३३ नंतर लोक मोठ्या संख्येने त्याच्या मागे गेले, बेकारी कमी झाली, शस्त्रांचे कारखाने चालू झाले, ऱ्हाइनलँड, ऑस्ट्रिया असं एकेक मिळत गेलं तशी लोकप्रियता खरीच वाढली, सगळंच भीतीने नव्हतं. जर्मन जनता निर्दोष होती असं माझं म्हणणं बिलकुल नाही. पण सत्ता मिळाल्यावर मिळालेली लोकप्रियता ही सत्ता मिळण्याचं कारण म्हणून सांगणं हे उलटं झालं.

आता म्युनिक, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकणारा तिथला करार, ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन याने केलेला. तुमचा लेखक म्हणतो सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटन तयार नव्हतं, चेंबरलेनने एक वर्ष मिळवलं. विमानांच्या बाबतीत हे खरं आहे, त्या वर्षात हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं मोठ्या संख्येने आली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, १९४० मध्ये त्याचा उपयोग झाला, नाकारत नाही. पण वर्ष फक्त ब्रिटनला मिळालं नाही ना, हिटलरलाही मिळालं! आणि सोबत काय काय मिळालं बघा. चेकोस्लोव्हाकियाचं तीसेक डिव्हिजनचं चांगलं शस्त्रसज्ज सैन्य मैदानातून गेलं, सीमेवरची तटबंदी सुडेटनलँडबरोबर आपसूक गेली, आणि मार्च १९३९ मध्ये प्राग घेतल्यावर स्कोडाचा तोफांचा कारखाना, रणगाडे, सोनं, परकीय चलन. १९४० मध्ये जर्मन सेनापती रोमेल फ्रान्समध्ये जी पॅन्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन घेऊन घुसला तिच्यात बरेच रणगाडे चेक बनावटीचे होते. हा कसला विकत घेतलेला वेळ, किंमत दुसऱ्याने दिली. आणि त्या दुसऱ्याला खोलीत बसूसुद्धा दिलं नाही, चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी हॉटेलात बसून होते आणि आत चेंबरलेन, फ्रान्सचा पंतप्रधान दलादिए, इटलीचा मुसोलिनी आणि हिटलर त्यांचा देश कापत होते.

चेंबरलेन भ्याड होता असं मी म्हणणार नाही. पहिल्या युद्धात प्रत्येक गल्लीतली पोरं मेलेली, वीस वर्षं होतात न होतात तोच परत तेच, कोणालाही नको वाटेल. पण तोही पापेनच्याच जातकुळीचा निघाला, म्हणजे माणूस म्हणून नव्हे, समजुतीने. दोघांनाही वाटलं की हा आडदांड आहे पण याच्याशी व्यवहार करता येतो, याला काहीतरी दिलं की हा शांत होईल, आपण सभ्य आणि अनुभवी, आपण याला हाताळू. चेंबरलेन तर पंधरा दिवसांत तीनदा विमानाने जर्मनीला गेला, ६९ वर्षांचा माणूस. हिटलरने त्यातून काय निष्कर्ष काढला ते त्याने स्वतःच २२ ऑगस्ट १९३९ ला आपल्या सेनापतींना सांगितलं, आपले शत्रू म्हणजे किडे आहेत, म्युनिकला पाहिलंय मी त्यांना. त्याच्याच सैन्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख लुडविग बेक ऑगस्ट १९३८ मध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला होता कारण त्याला वाटत होतं आत्ता युद्ध झालं तर जर्मनी हरेल. बेक ओरडून सांगत होता हरू आणि लंडन-पॅरिसमध्ये वाटत होतं आपणच हरू, काय म्हणावं.

आणि पोलंडही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं, म्युनिकनंतर लगेच त्यांनीही चेकोस्लोव्हाकियाचा टेशेन भाग बळकावला. अकरा महिन्यांनी पाळी त्यांच्यावर आली.

लेख संपतो १ सप्टेंबर १९३९ ला, वेस्टरप्लाटच्या पोलिश ठाण्यावर तोफा सुरू झाल्या तिथे. त्याच्या आदल्या संध्याकाळचा ग्लायविट्झ रेडिओ स्टेशनवरचा बनाव, पोलिश लोकांनी हल्ला केल्याचं नाटक, ते छान सांगितलंय. पण १७ सप्टेंबर कुठाय? त्या दिवशी पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या. २३ ऑगस्टला मॉस्कोत रिबेनट्रॉप आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी जर्मनी-रशिया करारावर सही केली, वरचा करार जगाला दाखवायला आणि खालचं गुप्त कलम पोलंड वाटून घ्यायला. हा करार नसता तर हिटलरने त्या आठवड्यात हल्ला केला असता का, मला शंका आहे. २५ ऑगस्टला ब्रिटन-पोलंड करार झाला आणि मुसोलिनीने आपण तयार नाही म्हणून कळवलं, तर तेवढ्यावर त्याने दुसऱ्या दिवशीचा हल्ला थांबवला होता, म्हणजे कचरत होताच. पाठीमागे रशिया शांत बसणार ही खात्री होती म्हणून सहा दिवसांनी उडी मारली.

आम्हा कोल्हापूरकरांना तर १७ सप्टेंबर विसरून चालणारच नाही. स्टालिनने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला हाकलली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर त्यातले जगले वाचलेले सुटले, इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यातल्या बायकापोरांसह पाचेक हजार माणसं १९४३ पासून १९४८ पर्यंत आमच्या वळिवड्याला कॅम्पात राहिली. शाळा होत्या त्यांच्या, चर्च होतं, थिएटर होतं. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं, जिथे आज अर्धा जिल्हा होलसेल कपडे घ्यायला जातो. वळिवड्याची ती पोरं हिटलरमुळे नाही आली, स्टालिनमुळे आली. युद्ध एकट्याने सुरू केलं असं लिहिलंत तर या पाच हजार लोकांचं काय करायचं?

आणि भारतापुरती एक ओळ तरी हवी होती. ३ सप्टेंबरला चेंबरलेनने लंडनमध्ये युद्ध जाहीर केलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतही युद्धात आहे म्हणून सांगून टाकलं, निवडून आलेल्या एकाही माणसाला न विचारता. त्यावरून काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, मुंबईत बाळासाहेब खेरांचं सरकार नोव्हेंबरमध्ये गेलं. तरी पुढे पंचवीस लाख लोक सैन्यात भरती झाले. इटलीत लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आपल्याच मराठा पलटणीचे, घाडगे तर तिथेच गेले. लोकशाहीसाठी लढा म्हणून सांगणाऱ्यांनी त्यांना मात्र विचारलं नव्हतं.

शेवटच्या चौकटीत लिहिलंय की पुढच्या महिन्यात न्यूरेंबर्ग खटल्यावर, म्हणजे युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यावर, भाग येणार आहे. तेव्हा एक विनंती, फासावर गेलेल्यांची यादी सगळीकडे मिळते, तुम्ही सुटलेल्या तिघांवर लिहा. पापेन, शाख्ट आणि प्रचारखात्यातला फ्रिट्शे. त्यातला शाख्ट म्हणजे ज्याने नोव्हेंबर १९३२ मध्ये, नाझींची मतं घटली त्याच महिन्यात, हिटलरला चॅन्सेलर करा म्हणून हिंडेनबर्गला पाठवलेल्या अर्जावर सही केली होती, आणि पुढे राइशबँकेचा, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेचा, मुख्य होऊन शस्त्रांसाठी पैसा उभा केला. आणि पापेन, ज्याला १९३४ च्या जूनमध्ये हिटलरने घरात डांबलं, त्याचं भाषण लिहून देणाऱ्याला आणि त्याच्या ऑफिसातल्या माणसाला गोळ्या घातल्या, श्लायशरला तर बायकोसकट त्याच्या घरात मारलं, आणि हा पापेन काही आठवड्यांतच त्याच हिटलरचा राजदूत म्हणून व्हिएन्नाला निघाला. १९४६ ला न्यूरेंबर्गमध्ये निर्दोष सुटला. नंतर जर्मन कोर्टाने आठ वर्षांची सजा दिली, ती पण १९४९ मध्ये कमी होऊन बाहेर आला, आत्मचरित्र लिहिलं, १९६९ मध्ये ८९ वर्षांचा होऊन वारला. त्याच्यावर अर्धं पान तरी द्या.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर